विमानाच्या रिक्वायरमेंटचं वाक्य फॉर्मल भाषेत कसं आणावं: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

फॉर्मल रिक्वायरमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरने पाळायची अट गणिती सूत्रात, लिहायला बसलेला इंजिनिअर पहिली चूक सहसा पहिल्या पाच मिनिटांतच करतो. तो वाक्य समोर ठेवतो आणि शब्दाशब्दाला चिन्ह लावत सुटतो. ‘जर’ दिसलं की बाण, ‘नेहमी’ दिसलं की ‘सदैव’चा चौकोन. सूत्र तयार होतं, टूल ते मुकाट्याने स्वीकारतं. वाक्यात दोन अर्थ असतील तर त्यातला एक अशा वेळी कुणालाही न विचारता निवडला जातो, आणि कोणता निवडला गेला हे निवडणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

सूत्र लिहिणं हा या कामाचा सर्वात छोटा भाग आहे. त्याआधी घ्यायचे निर्णय मोठे असतात, आणि ते तुमचे नसतात. रिक्वायरमेंटचा अर्थ तिच्या मालकाचा असतो. तुमचं काम त्याच्यापुढे नेमके प्रश्न ठेवण्याचं आहे. नागपुरात एव्हिऑनिक्स सॉफ्टवेअरच्या पडताळणीत असलेल्यांनी आणि त्या वाटेवरच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी हा क्रम एकदा हाताने करून पाहावा. फ्रेट हे नासाच्या एम्स केंद्राचं रिक्वायरमेंट लिहिण्याचं टूल आणि काइंड २ हा मॉडेल चेकर (सूत्र मॉडेलवर खरं ठरतं का ते तपासणारं टूल) दोन्ही मोफत मिळतात.

संपूर्ण लेखात एकच उदाहरण घेतलं आहे:

*“विमान कमी उंचीवर असताना गिअरचे तिन्ही पाय लॉक नसतील तर वैमानिकाला ताबडतोब आवाजी इशारा मिळावा. वैमानिकाला तो बंद करता यावा.”*

गिअर म्हणजे विमानाची चाकं आणि त्यांचे पाय. पुढे येणारे फूट आणि मिलिसेकंद उदाहरणापुरते आहेत, ते कुठल्याही खऱ्या विमानाचे नाहीत.

## तयारी: बसण्याआधी टेबलावर काय हवं

वरच्या पातळीची सिस्टिम रिक्वायरमेंट आणि सुरक्षा-मूल्यांकन आधी हातात घ्या. हा इशारा वाजला नाही तर काय होतं आणि उगाच वाजला तर काय होतं, या दोन्हींची गंभीरता तिथे लिहिलेली असते. इंटरफेस दस्तऐवज हवा, म्हणजे प्रत्येक सिग्नलचं एकक, मर्यादा, किती वेळाने ताजा होतो आणि बिघडल्यावर कसा दिसतो हे कळेल. सॉफ्टवेअरची सायकल (इनपुट वाचून गणित करण्याची एक फेरी) किती मिलिसेकंदांची आहे ते लेखी हवं. मूळ नियमही वाचा. मोठ्या विमानांच्या गिअर इशाऱ्यासाठी अमेरिकी नियमांचा भाग २५ आणि युरोपी नियम सीएस-२५ या दोन्हींत तो २५.७२९ या क्रमांकाखाली आहे.

माणसं तीन लागतात: रिक्वायरमेंटचा मालक, सुरक्षा-विभागातलं कुणी आणि विमान प्रत्यक्ष हाताळलेलं कुणी. तिसऱ्याला बहुतेक टीम वगळतात. नागपुरात तर याला सबब नाही. मिहानमध्ये एमआरओ (विमान दुरुस्ती केंद्र) आहे, वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय शहरातच आहे. अनुभवी किंवा निवृत्त टेक्निशियन शोधायला लांब जावं लागत नाही. विमान जॅकवर उचलून गिअर आत-बाहेर करून पाहतात तेव्हा शॉक स्ट्रट (पायांतले धक्का झेलणारे दांडे) मोकळे असतात, म्हणून सेन्सर सांगतो ‘विमान हवेत आहे’. रेडिओ उंची मात्र शून्याजवळ असते आणि गिअर वर गेलेला असतो. मग हँगरमध्ये इशारा वाजावा की वाजू नये? हा प्रश्न कागदावरून सुचत नाही, टेक्निशियनला लगेच सुचतो.

प्रश्नांची एक वही सुरू करा: प्रश्न, उत्तर, कोणी दिलं, कोणत्या तारखेला, कोणत्या रिक्वायरमेंटवर परिणाम. ही वही पुढे सूत्रांपेक्षा जास्त वेळा उघडली जाते.

## टप्पा १: वाक्य फोडा, आणि न लिहिलेलं शोधा

उदाहरणातली दोन वाक्यं फोडली की किमान पाच रिक्वायरमेंट निघतात:

१. धोका असताना इशारा वाजला पाहिजे.
२. धोका नसताना तो वाजता कामा नये. (हे कुठेच लिहिलेलं नाही.)
३. वैमानिकाने बंद केला तर तो थांबला पाहिजे.
४. बंद केलेला इशारा पुन्हा केव्हा वाजू शकतो? (लिहिलेलं नाही.)
५. उंचीचा सिग्नलच बिघडला तर काय? (लिहिलेलं नाही.)

दुसरी वगळली तर कायम वाजत राहणारा भोंगाही पहिली पूर्ण करतो. ‘करू नये’ची बाजू सुटली तर काय होतं याचं उदाहरण मार्स पोलर लँडर आहे. डिसेंबर १९९९ मध्ये ते यान हरवलं. चौकशीत सर्वात संभाव्य ठरलेलं कारण असं: पाय उघडताना सेन्सरने दिलेला क्षणिक सिग्नल सॉफ्टवेअरने ‘जमिनीला टेकलो’ म्हणून धरून ठेवला आणि पुढे इंजिन बंद केलं. तो क्षणिक सिग्नल दुर्लक्षावा ही अपेक्षा वरच्या पातळीवर होती, पण सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंटमध्ये ती स्पष्ट शब्दांत उतरलीच नव्हती.

फोडताना प्रत्येक तुकड्यावर एक शिक्का मारा: रिक्वायरमेंट, व्याख्या किंवा गृहीतक. ‘सेन्सर दर १०० मिलिसेकंदांना ताजा होतो’ हे गृहीतक झालं. ते सॉफ्टवेअरने पाळायची गोष्ट नाही. गृहीतकं वेगळ्या यादीत ठेवा आणि प्रत्येकाचा आधार लिहा. ‘बाहेरचं तापमान ४० अंशांपुढे जाणार नाही’ असं कुणी सहज लिहून जातं, आणि नागपूरच्या मे महिन्यात ते गृहीतक धावपट्टीवरच मोडतं.

सावध: ४ आणि ५ यांचा धागा वरच्या रिक्वायरमेंटपर्यंत पोहोचत नसेल तर त्या डिराइव्ह्ड ठरतात. डीओ-१७८सी या विमान-सॉफ्टवेअरच्या मानकानुसार त्या सुरक्षा-मूल्यांकनाकडे परत पाठवाव्याच लागतात. सूत्रात गुपचूप घुसवलेली अट ही ऑडिटमध्ये सापडणारी सर्वात महागडी चूक आहे.

## टप्पा २: प्रत्येक शब्दाला मोजता येणारी व्याख्या

सर्वात जास्त वेळ इथेच द्या.

‘कमी उंची’. कोणती उंची? सोनेगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० फुटांवर आहे. क्यूएनएच (समुद्रसपाटीवर आणलेला स्थानिक दाब) लावलेला बॅरोमेट्रिक अल्टिमीटर उभ्या विमानातही साधारण तेवढंच दाखवतो. ‘उंची ५०० फुटांखाली’ ही अट त्या आकड्यावर लावली तर नागपुरात उतरताना इशारा कधीच वाजणार नाही. समुद्राला लागून असलेल्या मुंबईत मात्र सगळ्या चाचण्या सुरळीत पास होतील. म्हणून व्याख्येत स्पष्ट लिहा: रेडिओ उंची, फूट, चाकं टेकलेली असताना शून्य.

‘तिन्ही पाय लॉक नसतील’. ‘तिन्ही लॉक आहेत असं नाही’ आणि ‘तिन्हींपैकी एकही लॉक नाही’ हे दोन्ही अर्थ यातून निघतात. पहिला अर्थ (¬ म्हणजे ‘नाही’, ∧ म्हणजे ‘आणि’):

¬(डावा_लॉक ∧ उजवा_लॉक ∧ पुढचा_लॉक)

दुसरा:

¬डावा_लॉक ∧ ¬उजवा_लॉक ∧ ¬पुढचा_लॉक

दुसरा घेतला तर एक पाय अडकलेला असतानाही इशारा गप्प राहील. नकार आणि ‘सर्व’ एकाच वाक्यात आले की सत्यसारणी मांडून मालकाची सही घ्या. तीन पायांच्या आठच ओळी होतात.

‘विमान उतरत आहे’. मूळ वाक्यात ही अटच नाही. उड्डाणानंतर वैमानिक ५०० फुटांच्या आतच गिअर वर घेतो, म्हणजे वाक्य शब्दशः घेतलं तर प्रत्येक टेक-ऑफला इशारा वाजेल. थ्रस्ट लिव्हर आणि फ्लॅप यांच्या स्थितीवरून ‘उतरण’ ठरवावी लागते. गो-अराउंडसाठी (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) वेगळा प्रश्न वहीत टाका.

‘विमान जमिनीवर आहे’. हा शब्दप्रयोग निरुपद्रवी दिसतो, पण तसा नाही. १४ सप्टेंबर १९९३ ला वॉर्सा इथे लुफ्तान्साचं ए-३२० ओल्या धावपट्टीवर, आडवा वारा अपेक्षून झुकवलेल्या स्थितीत, आधी एकाच मुख्य पायावर टेकलं. ग्राउंड स्पॉइलर (टेकल्यावर पंखांची उचल मोडणाऱ्या झडपा) उघडायला दोन्ही मुख्य पायांवर ठरावीक भार किंवा चाकांना ७२ नॉटपेक्षा जास्त वेग लागत होता. रिव्हर्सरला (इंजिनचा जोर उलटा वळवणारी यंत्रणा) दोन्ही स्ट्रट दबलेले लागत होते. दोन्ही अटी उशिरा पूर्ण झाल्या, विमान धावपट्टीपलीकडे गेलं आणि दोघांचा मृत्यू झाला. सॉफ्टवेअरने व्याख्या तंतोतंत पाळली होती. व्याख्याच त्या परिस्थितीला पुरी पडली नाही.

‘सिग्नल वैध’. एआरिंक ४२९ या विमानातल्या डेटा बसच्या मानकात प्रत्येक शब्दात स्थिती दाखवणारे दोन बिट असतात. मोजमापाच्या शब्दांत त्यांच्या चार किमती होतात: बिघाड, गणित उपलब्ध नाही, चाचणी चालू, सामान्य. बरेच जण ‘सामान्य नाही म्हणजे बिघाड’ असं लिहून मोकळे होतात. रेडिओ अल्टिमीटरचा पल्ला साधारण २,५०० फुटांपर्यंत असतो. त्यावर ‘गणित उपलब्ध नाही’ येणं हे अगदी योग्य वर्तन आहे. ते बिघाड धरलं तर संपूर्ण क्रूझभर बिघाडाचा दिवा लागून राहील. चारही किमतींपुढे काय करायचं ते लिहा.

तपासा: प्रत्येक चलापुढे नाव, प्रकार, एकक, मर्यादा, स्रोत आणि सिस्टिम सुरू होतानाची किंमत आहे का? शेवटचा रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: ‘ताबडतोब’चा हिशोब

‘ताबडतोब’, ‘लगेच’, ‘वेळेत’ यांच्या जागी आकडा येईपर्यंत सूत्राला हात लावायचा नाही. समजा मालकाने सांगितलं: गिअरची स्थिती बिघडल्यापासून आवाज कानावर पडेपर्यंत १ सेकंद. हा सेकंद संपूर्ण साखळीचा आहे. तो जसाच्या तसा सॉफ्टवेअरच्या सूत्रात टाकणं ही नेहमीची चूक.

- सेन्सर आणि बस: २०० मिलिसेकंद
- पुढच्या सँपलची (दर सायकलला एकदा घेतलेलं वाचन) वाट, जास्तीत जास्त एक सायकल: १००
- गणित होऊन आउटपुट बाहेर पडेपर्यंत: १००
- ऑडिओ युनिट: २००

उरले ४००. सायकल १०० मिलिसेकंदांची असेल तर निर्णयाला ४ अंतरं मिळाली, म्हणजे ५ सँपल. अंतरं आणि सँपल यात नेहमी एकाचा फरक असतो आणि घोटाळा इथेच होतो. ‘३०० मिलिसेकंद सलग धोका दिसल्याशिवाय वाजवू नका’ अशी फिल्टरची अट असेल तर त्याला ३ नव्हे, ४ सँपल लागतात, कारण तीन सँपलमध्ये फक्त २०० मिलिसेकंद मोजले जातात.

तपासा: फिल्टरची ४ सँपल निर्णयाच्या ५ सँपलमध्ये बसतात. फिल्टर ५०० मिलिसेकंदांचा असता तर दोन रिक्वायरमेंट एकमेकींना खोट्या पाडत होत्या, आणि ते कागद-पेन्सिलनेच कळलं असतं.

## टप्पा ४: आधी साच्यातलं वाक्य

गद्यातून थेट सूत्राकडे उडी मारू नका. मध्ये साचा ठेवा. फ्रेटच्या साच्यात घटक असतात ते व्याप्ती, अट, घटक-यंत्रणा, वेळ आणि प्रतिसाद. आपली पहिली रिक्वायरमेंट अशी होते:

- व्याप्ती: हँगर-चाचणीचा मोड सोडून
- अट: धोका सलग ५ सँपल
- यंत्रणा: इशारा_सॉफ्टवेअर
- वेळ: त्याच सायकलमध्ये
- प्रतिसाद: इशारा = चालू

दोन जागी लोक हमखास घसरतात. फ्रेटमध्ये ‘व्हेन’, ‘इफ’, ‘अपॉन’ हे शब्द अट *खोटीची खरी होते त्या क्षणाला* धरतात, किंवा व्याप्तीच्या सुरुवातीलाच ती खरी असेल तर तो क्षण. अट खरी असलेला प्रत्येक क्षण हवा असेल तर ‘व्हेनेवर’ लिहावं लागतं. इंग्रजी बोलताना हा फरक जाणवत नाही, सूत्रात मात्र अर्थच बदलतो. दुसरी जागा वेळेची: तो रकाना रिकामा सोडला तर फ्रेट ‘केव्हातरी’ असा अर्थ घेतं. उड्डाण संपल्यावर वाजलेला इशाराही त्यात बसतो.

## टप्पा ५: सूत्र

धोका := उंची_वैध ∧ रेडिओ_उंची < ५०० ∧ उतरण ∧ ¬(डावा_लॉक ∧ उजवा_लॉक ∧ पुढचा_लॉक)

पहिला प्रयत्न बहुतेकांचा असा असतो (□ म्हणजे ‘सदैव’, ◇[०,४] म्हणजे ‘आतापासून पुढच्या चार अंतरांत केव्हातरी’):

□(धोका → ◇[०,४] इशारा)

हे चुकीचं आहे. धोका टिकून असताना पाच सायकलमध्ये एकदा, १०० मिलिसेकंदांपुरता टिक् वाजला तरी हे सूत्र पूर्ण होतं. शिवाय एका सँपलपुरता धोका चमकून गेला तरी ते आवाज मागतं, म्हणजे फिल्टरशी भांडतं. भविष्याकडे न पाहता भूतकाळाकडे पाहा:

इ-१: □( मागील[०,४] धोका → इशारा )
इ-२: □( ¬मागील[०,३] धोका → ¬इशारा )
इ-३: □( गप्प → ¬इशारा )

‘मागील[०,४] धोका’ म्हणजे या सँपलपासून मागे चार अंतरांपर्यंत धोका सलग खरा. ‘गप्प’ म्हणजे वैमानिकाने इशारा बंद केलेला आहे. असं लिहिलेलं सूत्र वाचायला सोपं जातं आणि त्यातून रनटाइम मॉनिटर (सिस्टिम चालू असताना सूत्र तपासणारा प्रोग्रॅम) सरळ बनतो.

सावध: सिस्टिम सुरू झाल्याच्या पहिल्या सायकलला मागची चार सँपल अस्तित्वातच नसतात. नेहमीच्या व्याख्येप्रमाणे नसलेली सँपल अट मोडत नाहीत, म्हणून पहिल्याच सँपलला धोका दिसला तर ‘पाच सँपल सलग’ खरं ठरतं. वीज येताच एका खोट्या सँपलवर इशारा सक्तीचा होतो. ‘सुरू होऊन किमान ४ सायकल झाल्या आहेत’ ही अट दोन्ही सूत्रांत विचारपूर्वक घाला.

रेडिओ उंची ५०० च्या आसपास हलत राहिली तर इशारा तुटक वाजेल. ५०० ला सुरू, ५५० ला बंद असा फरक ठेवायचा असेल तर तो ‘धोका’च्या व्याख्येत जातो. हाही मालकाचाच निर्णय.

## टप्पा ६: सूत्र रिकामं तर नाही ना

टूलने ‘सिद्ध’ म्हटलं की हुरळून जाऊ नका. बाणाच्या डावीकडची अट कधीच खरी होत नसेल तर सूत्र आपोआप पास होतं. ‘उतरण’च्या व्याख्येत फ्लॅपची दिशा उलटी लिहिली गेली, किंवा फूट आणि मीटर यांची गल्लत झाली, की नेमकं हेच घडतं.

म्हणून प्रत्येक सूत्राला उलटा प्रश्न विचारा: डावी बाजू खरी होईल असा एक तरी ट्रेस (सँपलमागून सँपल सगळ्या चलांच्या किमती) दाखव. टूलला तो सापडला नाही तर चूक तुमच्या व्याख्येत किंवा गृहीतकात आहे. सापडला तर तो उघडून बघा. आकडे विमानाला शोभतात का?

मग सूत्र मुद्दाम बिघडवा. ५०० चं ६०० करा, ∧ चं ∨ (‘किंवा’) करा, ४ चं ५ करा. मॉडेलवरचा निकाल एकदाही बदलला नाही तर ते सूत्र त्या मॉडेलबद्दल काहीच सांगत नाही.

## टप्पा ७: सगळी सूत्रं एकत्र

वेगवेगळी बरोबर असलेली सूत्रं एकत्र आली की भांडू शकतात. इथे दोन तपासण्या आहेत आणि लोक पहिलीवरच थांबतात. सुसंगतता विचारते: सगळी सूत्रं एकाच वेळी खरी राहतील असा *एक तरी* ट्रेस आहे का? रिअलायझेबिलिटी विचारते: इनपुट *कसंही* आलं तरी सगळी सूत्रं पाळणारं सॉफ्टवेअर शक्य आहे का?

इ-१, इ-२, इ-३ सुसंगत आहेत. वैमानिकाने बटण कधी दाबलंच नाही तर सगळं जुळतं. रिअलायझेबल मात्र नाहीत. टूल उलट उदाहरण देतं: पाच सँपल धोका, पाचव्या सँपलला ‘गप्प’ खरं. इ-१ म्हणते वाजव, इ-३ म्हणते वाजवू नको.

या क्षणी हात आवरा. इ-१ च्या डाव्या बाजूला ‘∧ ¬गप्प’ जोडलं की टूल शांत होतं, पण तेवढ्याने तुम्ही एक सुरक्षा-निर्णय घेऊन टाकलेला असतो. २५.७२९ सांगतो की वैमानिकाच्या हातून नकळत किंवा सवयीने सहज बंद होईल असं साधन नको. म्हणून प्रश्न वर न्या: उतरणीचा फ्लॅप लावलेला असताना बटण चालावं का? उत्तर ‘नाही’ आलं तर ‘गप्प’ची व्याख्या बदलते: इशारा चालू असताना बटण दाबलं, फ्लॅप उतरणीचा नाही, की गप्प सुरू, धोका संपला किंवा फ्लॅप उतरणीचा झाला की गप्प संपलं. यातच टप्पा १ मधल्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आता इ-१ मध्ये ¬गप्प जोडा आणि वहीत तारखेसह नोंद करा.

## टप्पा ८: ट्रेस दाखवा, सूत्र नाही

वैमानिक किंवा टेक्निशियनपुढे चौकोन-बाण ठेवून ‘बरोबर आहे ना?’ विचारलं तर माणूस भिडेखातर मान हलवतो. त्याऐवजी वेळेचे तक्ते न्या: साधी उतरण, एक पाय अडकलेला, टेक-ऑफ, गो-अराउंड, उंचीचा सिग्नल मध्येच गेला, विमान जॅकवर, वीज नुकतीच आली. प्रत्येक तक्त्यात इशाऱ्याची ओळ *झाकून* ठेवा. आधी त्यांना सांगू द्या कधी वाजायला हवा, मग उघडा. फरक निघाला की तो वहीत.

सूत्र लिहिणाऱ्यानेच हे तक्ते निवडू नयेत. डीओ-१७८सी लेव्हल ए आणि बी साठी काही उद्दिष्टांना स्वतंत्र व्यक्तीकडून पडताळणी मागतं. ती सवय इथपासूनच असू द्या.

## टप्पा ९: प्रमाणपत्राची बाजू

फॉर्मल विश्लेषणाचं श्रेय डीओ-३३३ (डीओ-१७८सी ची फॉर्मल पद्धतींवरची पुरवणी) मधून घ्यायचं असेल तर तीन गोष्टी लेखी लागतात: वापरलेल्या भाषेचा अर्थ गणिती दृष्ट्या निश्चित आहे, विश्लेषणाची पद्धत साउंड आहे, म्हणजे खोट्याला खरं म्हणत नाही, आणि प्रत्येक गृहीतकाला आधार आहे. टूलच्या उत्तरावर विसंबून एखादी चाचणी वगळणार असाल तर डीओ-३३० प्रमाणे टूल क्वालिफिकेशनचा (टूलवर विसंबता येतं हे सिद्ध करण्याचा) प्रश्न येतो. टूल प्रसिद्ध आहे म्हणून ते क्वालिफाइड ठरत नाही. ही चर्चा प्लॅनच्या वेळीच करा.

## टप्पा १०: बदल आला तर

बदल मूळ वाक्यात, साच्यात, सूत्रात आणि ट्रेसमध्ये याच क्रमाने करा. नुसतं सूत्र दुरुस्त केलं की पुढच्या आवृत्तीत कुणीतरी जुन्या वाक्यावरून ते परत ‘सुधारतं’.

सर्वात धोकादायक बदल सायकलचा. समजा सायकल १०० वरून ५० मिलिसेकंद झाली. वाट आणि गणित यांना आता ५०-५० लागतात, निर्णयाला ५०० उरतात, म्हणजे १० अंतरं. इ-१ मध्ये [०,१०] हवं. फिल्टरचे ३०० म्हणजे ६ अंतरं; इ-२ मध्ये [०,६]. जुने [०,४] आणि [०,३] तसेच राहिले तर फिल्टर १५० मिलिसेकंदांवर येतो आणि खोटे इशारे वाजू लागतात. टूल यावर काहीच बोलणार नाही, कारण जुनी दोन्ही सूत्रं एकमेकांशी अजूनही जुळतात. म्हणून रिक्वायरमेंटमध्ये वेळ मिलिसेकंदांतच लिहा, सायकल एकाच तक्त्यात ठेवा, आणि सूत्रातले आकडे त्या तक्त्यावरून स्क्रिप्टने काढा, हाताने नाही.